पुड्याची मागची बाजू

सिंदी मेघे, वर्धा
२९ जानेवारी २०२५

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्याकडच्या हळदीकुंकवाहून घरी आले आणि आधी पर्समधून बिस्किटांचा हिरवा पुडा काढून टेबलावर ठेवला. चोरून आणलाय. निघताना तुझ्या दुकानाच्या काउंटरवरून उचलला. सांगितलं असतं तर तू पिशवीत आणखी तीन कोंबले असतेस.

बायका वाण घेत होत्या आणि मी तुझ्या तानबाभाऊंच्या बशीकडे बघत होते. सहा बिस्किटं. सातवं त्यांनी चहात बुडवलं तेव्हा मी तुला खूण केली, तर तू म्हणालीस, "खाऊ द्या बाई, शुगर फ्री आहेत." ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. हल्ली मला सगळं ओठांवरूनच कळतं. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस. कानातलं मशीन पंख्याचा आवाज ऐकवतं, माणसाचा नाही, आणि आमचे श्रीनिवास फोन घेतात ते मला चार वाक्यांतलं एक सांगतात.

तर पुडा. पुढे हिरवं पान, लाल हृदय आणि 'शून्य चीनी'. मी तो उलटा केला, भिंग घेतलं आणि मागचं वाचलं. पहिला पदार्थ मैदा. दुसरा पाम तेल. शंभर ग्रॅम बिस्किटात सत्तर ग्रॅम पिष्टमय पदार्थ. मंदा, तू मधुमेह झालेल्या माणसाला दिवसभर मैदा खाऊ घालते आहेस. वर कौतुकाने बशीत मांडून!

तुझ्या शेजारी एकोणीस वर्षं राहिले, तुझ्या पियुषला विज्ञान शिकवलं, त्या हक्काने लिहिते. आजपासून हा पुडा बंद. आणि तानबाभाऊंची उपाशीपोटीची शुगर किती आहे ते मला कळव.

तुझी,
सुमती

*

सिंदी (रेल्वे)
१२ फेब्रुवारी २०२५

सुमतीबाईले मंदाचा नमस्कार.

तुमचं पत्र काल भेटलं. पत्त्यावर 'रेल्वे' लिहिलंच नाई तुमी, म्हनून थे आठ-दहा दिवस तुमच्याच सिंदी मेघेत फिरून राह्यलं होतं. पोस्टमन म्हने, एवढ्या शिकलेल्या बाई अन् पत्ता अर्धा.

पुडा नेला तर नेला. राग मले दुसऱ्या गोष्टीचा आला. डॉक्टरनं सांगतलं साखर बंद, मी साखर बंद केली. घरात डबाच नाई ठेवला साखरेचा. च्या बिनसाखरेचा. भात मोजून एक वाटी. केळं आनलं तर वरच्या फळीवर लपवून ठेवते. मागच्या उन्हाळ्यात आंब्याची पेटी आली दुकानात, तर याईनं नुसता वास घेतला अन् बाजूले झाले. बाई, तुमाले काय वाटते, मले हे सगळं आवडते? नवऱ्याच्या तोंडातला घास रोज मोजाले?

मंग एजन्सीचा धीरज हा पुडा घेऊन आला. म्हने, मावशी, हे शुगरवाल्याईसाठीच बनवलं आहे, बेफिकीर खाऊ द्या. मी घरातही ठेवला अन् दुकानातही. गावातले शुगरवाले सगळे माह्याकडूनच नेते.

अन् मागचं वाच म्हनता. वाचू कसं? समोर हिंदीत बोटाएवढं लिहिलं आहे थे मले वाचता येते. मागं इंग्रजीत मुंग्या आहेत. मी सातवी शिकलेली बाई. ज्याईले खरं सांगाचं होतं त्याईनं थे लपवून कायले छापलं? त्याईले लिहा तुमी पत्र. मलेच काऊन लिहिता?

तुमी म्हनता बंद कर. बरं, बंद करते. मंग देऊ काय, थे नाई सांगतलं तुमी. चार वाजले का हे दुकानाच्या पायरीवर येऊन बसते अन् माह्याकडं पाहत राह्यते. त्या नजरेले काय देऊ?

शुगर मोजली नाई एवढ्यात. मोजली का सांगीन.

मंदा

*

सिंदी मेघे
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मंदा,

'रेल्वे' लिहायचं राहिलं, चूक झाली. पुढे लिहीत जाईन. पण त्यावरून मैदा काही कमी होत नाही.

नीट समजून घे. पुड्यावर पदार्थांची नावं लिहितात ती मनाला येईल तशी नसतात. ज्याचं वजन सर्वांत जास्त, ते नाव पहिलं. त्यामुळे सगळं इंग्रजी वाचायची गरज नाही. पहिली दोन-तीन नावं पियुषकडून वाचून घे. बुटीबोरीहून रविवारी येतो ना तो? त्याच्यासमोर पुडे ठेव. दुसरी लबाडी अशी, की 'एका वाढणीत इतकीच ऊर्जा' असं लिहितात आणि वाढणी म्हणजे किती, तर दोन बिस्किटं. दोन बिस्किटं खाऊन कोण उठतं? तानबाभाऊंनी माझ्यादेखत सात खाल्ली. आणि साखर घातली नाही म्हणजे रक्तात साखर वाढत नाही असं नव्हे. मैदा पोटात गेला की त्याची साखरच होते. हे मी आठवीला शिकवत होते. तुझ्या पियुषलाही शिकवलं होतं, पण तो खिडकीबाहेर मालगाडीचे डबे मोजायचा.

काय देऊ, विचारतेस. तुझ्या दुकानात पोत्याने काय पडलं आहे ते बघ. फुटाणे दे. मूठभर शेंगदाणे दे. काकडी, ताक. यातल्या कशावरही हृदयाचं चित्र नाही, कारण फुटाण्याची जाहिरात करायला कोणाला वेळ नाही.

आमच्या घरी ये आणि स्वयंपाकघर बघ. सात धान्यांचा आटा. कोलेस्टेरॉल नसलेलं तेल. संध्याकाळी श्रीनिवासना 'साखर न घातलेला' पेरूचा रस. एक पैशाची ढिलाई नाही. शिस्त लागते, मंदा, दुसरं काही नाही.

शुगर मोज. आकडा कळव. तिसऱ्यांदा विचारायला लावू नकोस.

तुझी,
सुमती

*

सिंदी (रेल्वे)
२२ एप्रिल २०२५

सुमतीबाईले नमस्कार.

तुमचं पत्र अन् मागून आलेले दोन्ही कार्डं भेटले. वेळ नाई भेटला लिहाले. लग्नाचा सीझन, दुकानात बम गर्दी, याद्याच्या याद्या.

तुमचं ऐकलं मी. हिरवा पुडा घरात बंद केला. फुटाणे देल्ले तर हे म्हनते दात दुखते. ताक देल्लं तर म्हनते सर्दी होते. चार दिवस तोंड पाडून बसले. मंग धीरजनं दुसरं बिस्किट आनलं, मल्टिग्रेन. त्याच्यावर ज्वारी, नाचनी, जवस, सगळ्याईचे चित्रं आहेत, कनसं आहेत मोठेमोठे. तुमी सात धान्याचा आटा खाता ना, मंग हे बी तेच झालं. थे देते आता. खुश आहेत.

शुगर मोजली. ठीक आहे म्हना.

चतुर्थीले केळझरले गेलते गनपतीले, पियुषच्या दोस्ताच्या गाडीवर. दुपारचं ऊन, फरशी तापलेली, अन् हे चप्पल काढून सगळी परिक्रमा करून आले. पायाले उलीशी फोड आली आहे अंगठ्याजवळ. दुखत नाई म्हनते. मी खोबरेल तेल लावून राह्यली.

तुमच्या श्रीनिवासरावाले नमस्कार सांगजा.

मंदा

*

सिंदी मेघे
२७ एप्रिल २०२५

मंदा,

'ठीक आहे म्हना' हा आकडा नाही. मी आकडा विचारला होता.

आणि मल्टिग्रेन! अगं, मी तीन महिने कोणाशी बोलते आहे? मी इथल्या दुकानात मुद्दाम जाऊन तो पुडा पाहिला. ज्या कणसांची चित्रं आहेत ती सगळी मिळून आत किती आहेत, सांगू? शेकडा चार. जवस तर अर्धा टक्का. उरलेलं काय? मैदा, पाम तेल, आणि या वेळी साखरही आहे, तिसऱ्या नंबरावर. म्हणजे हिरव्या पुड्यात निदान साखर तरी नव्हती! तू आगीतून उठून सरळ फुफाट्यात जाऊन बसलीस. दुकानदार बाईला, जिच्या हाताखालून रोज शंभर पुडे जातात, तिला एक पुडा उलटा करून बघावासा वाटत नाही?

तुला वाटत असेल बाईंना काम नाही. खरंच नाही. म्हणून सांगते, पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तो पुडा समोर ठेव, पियुषला मागचं वाचायला लाव आणि पहिली तीन नावं मला लिहून पाठव. गृहपाठ समज. आणि धीरजला म्हणावं, एकदा बाईंसमोर येऊन उभा राहा.

फोड तेलाने बरा होईल. बिस्किटांचं बघ.

सुमती

*

सिंदी (रेल्वे)
२ जून २०२५

बाई,

पियुषच्या बाबाचा उजव्या पायाचा अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट कापावं लागलं.

थे फोड फुटली. दुखत नोती म्हनून याईनं सांगतलंच नाई. मोजा घालून दुकानात बसत होते. मले वास आला तवा मी मोजा काढला. आतून काळं झालं होतं. वर्ध्याले आनलं. डॉक्टरनं शुगर पाह्यली, तीनशे साठ. तीन महिन्याची सरासरी पाह्यली तर म्हने अकराच्या वर, पाह्यजे साताच्या आत. मले विचारलं, घरी मोजत नोते काय? मशीन कपाटातच होतं. तुमाले 'ठीक आहे' लिहिलं तवा मी मोजलीच नोती, बाई. भेव लागत होतं.

डॉक्टर म्हने, नुसत्या बिस्किटानं पाय नाई जात मावशी. दोन-तीन वर्सं शुगर वरच असन. त्यानं पायाची जान जाते, चटका लागला तरी समजत नाई. फोड आली त्याच दिवशी आनाले पाह्यजे होतं.

एकोणीस दिवस होतो आमी वर्ध्याले. तुमच्या घरापासून दहा मिनटावर. पियुष म्हने बाईले सांगू. मी नाई म्हटलं. एक दिवस मेडिकलमध्ये तुमचे श्रीनिवासराव दिसले औषध घेतानी, तर मी पदर डोक्यावरून घेऊन तोंड फिरवलं. काऊन, थे सांगते. तुमी आल्या असत्या तर बिस्किटावर बोलल्या असत्या. अन् मी तवा त्याईच्या पायाजवळ बसून होती. मले कोनाचंच काही ऐकाचं नोतं.

फोडीचं मी लिहिलं होतं तुमाले. तुमी लिहिलं, तेलानं बरी होईन, बिस्किटाचं पाह्य.

रागानं नाई लिहून राह्यली. पन लिहिलं.

मंदा

*

सिंदी मेघे
६ जून २०२५

मंदा,

तुझं पत्र आलं तेव्हा श्रीनिवास बाहेर गेले होते. बरं झालं.

माझं एप्रिलचं पत्र मला तोंडपाठ आहे. दोन परिच्छेद मैद्यावर आणि फोडावर एक ओळ. मधुमेहात पाय बधिर होतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकोणचाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. मला ते माहीत होतं. पण त्या दिवशी मला तुझी चूक दाखवायची इतकी घाई होती, की तुझं पत्र मी वाचलंच नाही. नुसतं तपासलं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. यायला नको असेल तर स्टेशनवर कोणाला तरी पाठव आणि परत जा म्हणून सांग. मी परत जाईन.

सुमती

*

सिंदी (रेल्वे)
१८ जून २०२५

सुमतीबाईले मंदाचा नमस्कार.

तुमी आल्या, बरं वाटलं. तुमी दिवसभर बिस्किटाचा ब काढला नाई, थे पाहून हे मले म्हने, बाईची तब्येत बरी नाई काय? ड्रेसिंग कसं कराचं थे तुमी मले समोर बसून शिकवलं, तेच आता रोज करते. जखम लाल होऊन राह्यली. डॉक्टर म्हने लाल म्हनजे चांगलं.

पन बाई, आता एक गोष्ट सांगते, अन् तुमी रागवान तर रागवा.

तुमी येतानी पिशवी आनली होती. पेशंटसाठी म्हनून पेरूच्या रसाचे चार डबे अन् तुमच्या त्या सात धान्याच्या आट्याची थैली. तुमी गेल्यावर पियुष आला. मी म्हटलं, बाबू, बाईनं आनलं आहे, थे तर चांगलंच असन, पन सवय लागली आहे तर वाच मागचं. त्यानं वाचलं. मंग तो माह्याकडं पाहाले लागला. मी म्हटलं, वाच ना, काय झालं?

रसात साखर 'वरून' घातली नाई, हे खरं. पन पानी अन् आटवलेला फळाचा रस, शंभर मिलीत तेरा ग्राम साखर. एका डब्यात दोनशे मिली. पियुषनं चमच्यानं साखर काढून बशीत ठेवली, पाच चमचे अन् वर उलीशी. आट्याच्या थैलीवर सात कनसं. मागं लिहिलं आहे गहू शेकडा नव्वद. बाकीचे सहा मिळून दहा. गहू चांगला आहे म्हना, पन थो माह्या दुकानातल्या पोत्यातही आहे.

बाई, मी हासली. दवाखान्यातून आल्यापासून पह्यल्यांदा हासली. मंग मले वाईटही वाटलं. तुमी सगळ्याईच्या पुड्याचं मागचं वाचलं अन् सोताच्या घरातलं एकही नाई पाह्यलं?

पन एक काम झालं. मी दुकानातले सगळे पुडे फिरवले. बिस्किटं, रस, पोराईचे ताकदीचे डबे, ओट्स, सगळे. चित्राची बाजू भिंतीकडं, मुंग्याची बाजू गिऱ्हाईकाकडं. अन् पियुषनं प्रत्येक फळीवर मराठीत चिठ्ठी लावली: 'यात सगळ्यात जास्त मैदा आहे', 'यात साखर तिसरी आहे', 'हे चालते'. 'हे चालते' च्या चिठ्ठ्या चारच झाल्या.

धीरज आला अन् पाहूनच भडकला. "मावशी, हे काय लावलं? कंपनीचे साहेब पाहतीन तर मले काढून टाकतीन."

मी म्हटलं, "तू म्हनत होता ना शुगरवाल्यासाठीच बनवलं? मंग मागचं पाहाले काय भेव आहे?"

"मावशी, मी का डॉक्टर आहो? मले जे सांगते थे मी सांगतो."

"मंग मी बी तेच केलं, बाबू. तू सांगतलं, मी सांगतलं. आता त्याईचा पाय पाह्य." त्याले आत नेलं अन् दाखवला. तो पानी पेला अन् गेला. पुढच्या सोमवारी दुसराच पोरगा आला ऑर्डर घ्याले.

तुमचे चारही रसाचे डबे तसेच आहेत. काय करू त्याईचं?

मंदा

*

सिंदी मेघे
५ जुलै २०२५

प्रिय मंदा,

फेकून दे. मोरीत ओत.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस श्रीनिवासशी नीट बोलले नाही, जणू चूक त्यांचीच. तिसऱ्या दिवशी भिंग घेतलं आणि कपाट उघडलं. तुला वाटतं मी मागची बाजू वाचत नव्हते. वाचत होते, आठ-नऊ वर्षांपूर्वी. मग एकदा वाचून 'हे चांगलं' असं ठरवलं आणि पुन्हा पाहिलं नाही. चांगलं काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

तेलावर लिहिलंय 'कोलेस्टेरॉल नाही'. मंदा, कुठल्याच तेलबीत कोलेस्टेरॉल नसतं! करडई असो की शेंगदाणा. ते प्राण्यांच्या पदार्थांत असतं. हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय. म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'यात दगड नाहीत' असं लिहावं आणि मी आनंदाने जास्तीचे पैसे मोजावेत, तसं झालं. ब्राउन ब्रेड निघाला मैद्याचा. रंग जळक्या साखरेचा. 'कमी चरबीचं' दही, त्यात चव यावी म्हणून साखर. आठ वर्षं मी श्रीनिवासना रोज संध्याकाळी पेरूचा रस देते आहे, एक दिवस खाडा नाही. त्यांची शुगर तपासून आणली. सीमारेषेवर आहे, डॉक्टर म्हणतात अजून हातात आहे. ते नुसते म्हणाले, "मग आता मला साधा पेरू मिळेल का? चावायला?"

तू म्हणाली होतीस ना, कंपनीला लिहा. तुझ्याकडून परतले त्याच रात्री लिहिलं. हिरव्या पुड्याच्या कंपनीला चार पानी पत्र, रजिस्टरने. पुढे काय लिहिता, मागे काय छापता, सामान्य माणसाने काय समजावं, सगळं. एकवीस दिवसांनी उत्तर आलं. आलं म्हणजे खोकंच आलं. 'आमच्या उत्पादनांवरील आपल्या प्रेमाबद्दल आभार' असं छापील कार्ड आणि आत हिरवे पुडे, सहा! मी तिथेच जमिनीवर बसले. श्रीनिवासना वाटलं चक्कर आली.

पण सोडणार नाही. अन्न खात्याकडे तक्रार कुठे करायची ते शोधून काढलं आहे. कागद तयार करते आहे. तुझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांची यादी पियुषकडून लिहून पाठव, जोडायची आहे.

तानबाभाऊंची शुगर किती? विचारते आहे, तपासत नाही.

तुझी,
सुमती

*

सिंदी (रेल्वे)
२१ जुलै २०२५

सुमतीबाईले तानबाचा नमस्कार.

तुमाले मी कधी पत्र लिहिलं नाई. मंदाच लिहिते. पन आता लिहितो, अन् मंदाले सांगजा नका.

आधी आकडा लिहितो, नाई तर तुमी पुढचं वाचाच्या नाई. सकाळची एकशे अडतीस. जखम भरली. काठी घेऊन मागच्या आंगनात चालतो. डॉक्टरनं मऊ चप्पल देल्ली आहे, घरातही घालाले लावते.

आता खरं सांगतो. तुमी दोघी सहा महिने एकमेकीले पत्रं लिहून राह्यल्या, का पुड्याच्या मागं काय लिहिलं आहे, कोन फसलं, कोनी फसवलं. मंदा पत्र आलं का मोठ्यानं वाचे, मी पायरीवरून ऐकत होतो. बाई, मले मालूम होतं. पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. तीस वर्सं मैद्याच्या गोन्या उतरवल्या मी. गोनीवर इंग्रजीत काय छापलं असते थे मले डोळे मिटून ओळखता येते. पुडा हातात घेतला तवाच मागं पह्यला शब्द तोच दिसला.

मंग बोललो काऊन नाई? तुमी विचारान. सांगतो. शुगर निघाल्यापासून घरात मी काही तोंडात टाकलं का कोनीतरी पाहते. भात वाढला का मंदा वाटीकडं पाहते. लग्नाले गेलो का लोकं पानाकडं पाहते. पियुष फोनवर पह्यलं विचारते, बाबा, काय खाल्लं? कसे आहात, हे मागून. केळं फळीवर लपवलं आहे हे मले मालूम आहे, थे लपवलं आहे म्हनूनच मले पानी सुटते. अन् त्याच्यात हा पुडा आला. मंदा सोता बशीत मांडून आने, बाजूले बसे, सोता एक खाये, अन् आमी गोष्टी करत च्या पेत होतो. तवा तिच्या तोंडावरची सगळी काळजी जाये. मले बिस्किट आवडत नोतं, बाई. भुशासारखं लागे. थे पंधरा मिनटं आवडत होते. मी जर म्हटलं असतं का याच्यात मैदा आहे, तर थे बी गेले असते.

फोडीचंही तसंच. सांगतलं असतं तर अजून एक गोष्ट पाहाची झाली असती. चूक माहीच आहे. दोन बोटं माहे गेले, दुसऱ्या कोनाचे नाई. तुमी दोघी आपआपल्या डोक्यावर घेऊन बसल्या आहात, थे आता उतरवा. मले त्याचा कंटाळा आला आहे.

अन् आता मंदा फुटाणे देते थे कसे देते, सांगू? हातावर ठेवते अन् म्हनते, हे चालते. पियुषच्या चिठ्ठीसारखं. पुढच्या पत्रात तिले लिहा, का फुटाण्याच्या बशीजवळ बी पंधरा मिनटं बसाले काही हरकत नाई. माहं नाव घेऊ नका. तुमी सांगतलं का ऐकते थे. आधी चिडते, मंग ऐकते.

परवा दुकानात एक जन आला केळझरचा. जवान पोरगाच होता, तिशीचा. म्हने, मायसाठी हिरवा पुडा द्या, शुगर निघाली तिले. मंदा आत होती. मी पुडा फळीवरून काढला अन् उलटाच समोर ठेवला. तो म्हने, हे कोन वाचते काका, समोर लिहिलं आहे ना शुगर फ्री. मी म्हटलं, बरं. तुही माय काय म्हनते? तिले काय खावंसं वाटते? तो म्हने, थे नाई विचारलं. मी म्हटलं, मंग विचार.

त्यानं तिथूनच फोन लावला. मले वाटलं दोन शब्द बोलन अन् ठेवन. तो दुकानाबाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभा राह्यला, अन् लय वेळ बोलत होता. मधातच हासे. मंग फोन कानालेच लावून गाडीवर बसला अन् निघून गेला. पुडा काउंटरवरच.

मंदा बाहेर आली तर म्हने, गिऱ्हाईक कुठं गेलं? मी म्हटलं, घरी गेलं. त्याच्यावरून मले भल्ली बोलली, गिऱ्हाईक घालवलं म्हने.

तानबा